टूवे यान्सन: मूमिनच्या आधीची चित्रकार

मूमिनच्या (पाणघोड्यासारख्या मोठ्या नाकाच्या काल्पनिक जीवांच्या) गोष्टी लिहिणारी फिनलंडची टूवे यान्सन मुळात चित्रकार होती हे खरं का, आणि खरं असेल तर तिच्या चित्रांचं नाव कुठे का ऐकू येत नाही, असं तुम्ही विचारलंय. खरं आहे. ती स्वतःला आधी चित्रकार मानायची, मग लेखिका. आणि चित्रं मागे का पडली याचं उत्तर तिच्या आयुष्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिचा जन्म 9 ऑगस्ट 1914 चा, हेलसिंकीतला. वडील व्हिक्टर शिल्पकार. आई सिग्ने हमार्स्टेन मूळची स्वीडनची, तीही चित्रकार. शिल्पांचे पैसे कधी मिळायचे, कधी नाही. घर चालायचं ते मुख्यतः आईने काढलेल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, मासिकांतल्या चित्रांवर आणि फिनलंडच्या टपाल तिकिटांवर. घरची भाषा स्वीडिश, आणि टूवेने आयुष्यभर लिहिलं तेही स्वीडिशमध्येच. शिक्षण स्टॉकहोम, हेलसिंकी आणि थोडं पॅरिसमध्ये झालं.

तिच्या धीटपणाची पहिली ओळख होते ती 'गार्म' या व्यंगचित्रांच्या मासिकात. शाळकरी वयापासून ती तिथे चित्रं देत होती. 1938 मध्ये, चेकोस्लोव्हाकियाचा काही भाग हिटलरला देऊन टाकणाऱ्या म्युनिक कराराच्या सुमारास, तिने हिटलरला अजून केक हवा म्हणून भोकाड पसरणाऱ्या लहान पोराच्या रूपात काढलं. फिनलंडमध्ये हे सोपं नव्हतं. तिचे वडील 1918 च्या यादवी युद्धात समाजवादी 'लाल' सैन्याविरुद्ध 'पांढऱ्या' सैन्याकडून लढले होते. तेव्हा जर्मनीने त्या बाजूला मदत केली होती, आणि वडिलांचा ओढा पुढेही जर्मनीकडे राहिला. इकडे मुलीची सगळ्यात जवळची मैत्रीण, फोटोग्राफर एव्हा कोनिकोफ, ज्यू. ती 1941 मध्ये अमेरिकेला निघून गेली. बापलेकीची घरात किती कडाक्याची भांडणं व्हायची, हे एव्हाला लिहिलेल्या पत्रांतून कळतं.

1942 चं 'कुटुंब' हे तिचं चित्र त्याच घराचं आहे. दोघे भाऊ बुद्धिबळाला बसलेत, थोरल्याच्या अंगावर सैनिकी गणवेश. आईवडील तिथेच आहेत. मध्ये टूवे स्वतः उभी आहे, काळे कपडे, काळी टोपी, जणू आत्ता घराबाहेर पडणार. एकाच खोलीत पाच माणसं आहेत, पण कुणाची कुणाशी नजरानजर नाही. त्या काळी या चित्रावर टीकाच जास्त झाली. युद्धाने घराचं काय होतं हे इतक्या थेट सांगणारी चित्रं मी फार थोडी पाहिली आहेत.

मूमिनचा जन्मही चित्र थांबल्यामुळे झाला. 1939 च्या हिवाळ्यात रशियाशी युद्ध सुरू झालं आणि चित्र काढण्यात तिला काही अर्थ वाटेना. म्हणून तिने एक परीकथा लिहायला घेतली. 'गार्म'मध्ये आपल्या सहीशेजारी ती जो नाकाड्या प्राणी काढायची, त्यालाच नायक केलं. ते छोटं पुस्तक 1945 मध्ये आलं तेव्हा फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

मी हेलसिंकीत राहतो. इथल्या टेनिसपालात्सी या इमारतीतल्या कला संग्रहालयात तिची दोन मोठी भित्तिचित्रं आहेत, 1947 मध्ये सिटी हॉलच्या उपाहारगृहासाठी केलेली. त्यातल्या शहरातल्या मेजवानीच्या चित्रात मध्यभागी जोडपी नाचताहेत आणि पुढे टेबलाशी हातात सिगारेट घेतलेली टूवे बसली आहे. तिच्या ग्लासाजवळ नीट पाहिलं तर बोटभर मूमिन सापडतो. नाचणाऱ्यांमध्ये व्हिव्हिका बांडलर आहे, नाट्यदिग्दर्शिका, जिच्यावर टूवेचं तेव्हा जिवापाड प्रेम होतं. फिनलंडमध्ये समलिंगी संबंध 1971 पर्यंत गुन्हा होता, म्हणून ते प्रेम असं सगळ्यांसमोर भिंतीवर रंगवूनही लपवावं लागलं. पुढच्याच वर्षी आलेल्या मूमिनच्या पुस्तकात दोन चिमुकले जीव येतात. त्यांची भाषा त्यांची दोघांचीच, आणि सुटकेसमध्ये ते एक माणिक लपवून फिरत असतात. ती जोडी म्हणजे या दोघीच.

खरा तिढा 1954 मध्ये सुरू झाला. लंडनच्या 'इव्हनिंग न्यूज' या वृत्तपत्राने मूमिनची चित्रपट्टी (कॉमिक स्ट्रिप) सुरू केली. सात वर्षांचा करार, आठवड्याला सहा पट्ट्या. पहिल्यांदाच हातात बरा पैसा आला, भाड्याची चिंता मिटली. वाटलं होतं, आता निवांत रंगवता येईल. झालं उलटंच. पट्टी डझनावारी देशांत पोचली, त्यामागून वस्तू, जाहिराती, करारमदार आणि मुलांची पत्रं. वर्षाला हजाराच्या वर पत्रं यायची आणि ती हाताने उत्तरं लिहायची. 1955 आणि 1960 यांच्या मधल्या काळात तिचं एकही स्वतंत्र प्रदर्शन झालं नाही. शेवटी पट्टी तिने धाकटा भाऊ लार्सकडे सोपवली. पुन्हा कॅनव्हासकडे वळली तोवर कलाजगत अमूर्ताकडे गेलं होतं आणि समीक्षकांच्या लेखी ती 'मूमिनवाली' झाली होती. तिने समुद्राची मोठी, जवळजवळ अमूर्त चित्रंही केली. त्यातली काही फार ताकदीची आहेत. पण शिक्का पडला तो पडलाच.

या ओढाताणीत तिला सावरलं ते तूलिक्की पिएतिलाने. ही मुद्राचित्रकार (ठशांवरून चित्रं छापणारी कलाकार) तिला 1955 च्या नाताळच्या एका मेजवानीत भेटली. दोघींचे स्टुडिओ एकाच इमारतसमूहात होते आणि माळ्यावरच्या वाटेने एकमेकींकडे जाता यायचं. एकत्र, पण प्रत्येकीचा स्वतंत्र दरवाजा आणि स्वतंत्र काम, अशी ती पंचेचाळीस वर्षं गेली. उन्हाळे क्लोव्हहारू बेटावर: उघडा खडक, एका खोलीचं घर, चार दिशांना चार खिडक्या, वीज नाही, नळ नाही. पाहुण्यांपासून आणि पत्रकारांपासून लांब जाण्यासाठीच ते घर बांधलं होतं.

1970 मध्ये आई गेली. त्याच वर्षी मूमिनची शेवटची कादंबरी आली. त्यात मूमिन कुटुंब घरी नाहीच, बाकीचे त्यांची वाट पाहत बसलेत. त्यानंतर ती मोठ्यांसाठी लिहू लागली. 'द समर बुक' (मूळ स्वीडिश 1972) मध्ये एका बेटावर आजी आणि नात आहेत. आजी टूवेच्या आईवरून सुचलेली, नात लार्सच्या मुलीवरून. मुलीची आई वारली आहे हे सबंध पुस्तकात एका वाक्यात येऊन जातं. पण सावली पानोपानी आहे. ही लेखिका आधी चित्रकार होती हे मला इथे सगळ्यात जास्त जाणवतं: शेवाळ, खडक, वारा यांच्याकडे ती आधी टक लावून पाहते आणि मगच एखादा शब्द लिहिते.

27 जून 2001 ला ती गेली, 1944 पासूनचा स्टुडिओ शेवटपर्यंत तोच होता. जन्मशताब्दीला, 2014 मध्ये, हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयात तिचं मोठं प्रदर्शन भरलं आणि चित्रकार म्हणून तिच्याकडे पुन्हा नीट पाहिलं जाऊ लागलं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर मूमिन नंतर वाचा. आधी 'द समर बुक' घ्या, थॉमस टील यांचा इंग्रजी अनुवाद चांगला आहे. आणि चित्रांपैकी 'कुटुंब' आणि त्याच वर्षीचं, गळ्यात लिंक्स या रानमांजराची फर घातलेलं आत्मचित्र, ही दोन शोधून मोठ्या पडद्यावर बघा.