मॉडेल कारच्या बॉडीवर स्प्रेचा रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत आला, तर पूर्ण काढावा लागेल का?

नाही, बहुतेक वेळा घासून गुळगुळीत होतो. आधी पूर्ण वाळू द्या. नाकाजवळ धरून रंगाचा वास येत असेल, तर अजून थांबा. मग २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा बारीक सँडपेपर) साबणाच्या पाण्यात भिजवून अगदी हलक्या हाताने फिरवा. कडा, दारांच्या रेषा आणि बॉनेटची धार यांना हात लावू नका, तिथे रंग सर्वांत पातळ असतो आणि लगेच प्लास्टिक उघडं पडतं. शेवटी चकाकीसाठी पॉलिशिंग कंपाउंड लावा. मेटॅलिक रंग मात्र कधीच थेट घासू नका, डाग पडतात. त्यावर क्लिअर कोट (पारदर्शक थर) देऊन तोच घासा.

असा खडबडीतपणा बरेचदा अंतरामुळे येतो: स्प्रेचा कॅन फार लांब धरला की थेंब हवेतच अर्धवट वाळतात आणि पृष्ठभागावर पसरत नाहीत. १५-२० सेंटिमीटरवरून पातळ थर द्या.