बांधकाम साइटवरच्या सुरक्षेसाठी ॲप बनवायचं आहे, त्यात कोणते फीचर्स असावेत?

तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून कॅमेऱ्यातून हेल्मेट ओळखणारं आणि रोजची चेकलिस्ट भरून घेणारं ॲप करताय, आणि त्यासाठी फीचर्सची यादी हवी आहे. यादी नंतर देतो, जमेल तेवढी. आधी एका स्टिकरबद्दल लिहू द्या, कारण तुमचा प्रश्न वाचल्यापासून तोच डोळ्यांसमोर आहे.

मी मुंबईत साइटवर एकोणीस वर्षं काढली. सुरुवातीला सुपरवायझर होतो, मग एडीआयएस (औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा) केलं आणि सेफ्टीत आलो. जुलै २०१९ मध्ये वडाळ्याला एका टॉवरवर होतो. कंपनीने त्याच वर्षी सेफ्टीचं ॲप घेतलं होतं. प्रत्येक मजल्यावर प्लंबिंगचे, इलेक्ट्रिकचे, फायरचे मिळून अकरा कटआउट, म्हणजे पाइप-वायरी न्यायला स्लॅबमध्ये सोडलेली भोकं. प्रत्येक कटआउटवर झाकण म्हणून प्लाय आणि प्लायवर क्यूआर कोडचा स्टिकर. सकाळी सुपरवायझरने फिरून अकराही स्कॅन करायचे, फोटो टाकायचा, की मजला हिरवा. मीटिंग रूममध्ये मोठा टीव्ही लावला होता, त्यावर सगळे मजले दिसायचे. क्लायंट आला की आधी तिथे नेत.

पहिल्याच आठवड्यात मी सांगितलं होतं, स्टिकर प्लायवर नको. प्लाय साइटभर फिरतो, भोक जागचं हलत नाही. नंबर स्लॅबवर लिहा. उत्तर मिळालं की स्टिकर छापून आलेत, बदल पुढच्या टप्प्यात बघू.

त्या दिवशी सलग तिसऱ्या दिवसाचा पाऊस होता. चौदाव्या मजल्यावरच्या तीन नंबरच्या कटआउटचा प्लाय प्लंबरने दोन दिवसांपूर्वी उचलून जिन्याजवळ नेला होता, पाइप कापायला. त्याच्या जागी एक अर्धा प्लाय नुसता ठेवला होता, खिळा नाही, काही नाही. सुपरवायझरने सकाळी ८ वाजून ५२ मिनिटांनी जिन्याजवळच्या प्लायवरचा स्टिकर स्कॅन केला. मजला हिरवा झाला. तो माणूस कामचुकार नव्हता. त्याच्याकडे सहा मजले होते, म्हणजे सहासष्ट स्टिकर, आणि दहाला वर स्लॅब भरायला सुरुवात होणार होती. समोर कोड दिसला, त्याने स्कॅन केला. ॲपने त्याला तेवढंच करायला सांगितलं होतं.

साडेअकराच्या सुमारास शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीटचा साचा बांधणाऱ्या, गँगमधला एक मुलगा प्लाय शोधत खाली आला. बंगालमधल्या मालद्याचा, एकवीस वर्षांचा. त्याला तो अर्धा प्लाय मोकळा पडलेला दिसला. साइटवर प्लाय कसा उचलतात ते एकदा बघून या. एका बाजूने उचलून उभा करायचा, छातीशी धरायचा आणि पुढे चालायचं. पायांखालचं काही दिसत नाही. त्याने उचलला, दोन पावलं टाकली आणि प्लायसकट खाली गेला.

तेराव्या मजल्यावरचा प्लाय त्याच्या वजनाने फुटला. बाराव्यावर मात्र कटआउटमधली सळई कापायची राहून गेली होती. ८ एमएमची, सहा-सहा इंचांवर, उभी-आडवी. त्या जाळीवर तो अडकला. मी पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता आणि दोन्ही हातांनी सळई घट्ट धरून होता, सोडवता सोडवत नव्हती. मांडीचं हाड आणि तीन बरगड्या मोडल्या. त्याचा एक गमबूट जाळीतून खाली गेला होता. संध्याकाळी तो तळाच्या डबक्यात सापडला, बारा मजले खाली.

चार वाजता मीटिंग झाली. टीव्हीवर चौदावा मजला हिरवा होता. प्रोजेक्ट हेड म्हणाले, सिस्टीममध्ये ओपनिंग बंद दाखवतंय, म्हणजे त्यानेच उघडलं. रिपोर्टमध्ये कारण पडलं, कामगाराचा निष्काळजीपणा. मी सही केली नाही, दुसऱ्याने केली. डिसेंबरमध्ये मी ती नोकरी सोडली. त्या खोलीत मला जे नीट मांडता आलं नाही ते आज इथे मांडतो. स्टिकर प्लायवर नसता तर तो हिरवा रंग आलाच नसता. आणि हिरवा रंग नसता तर त्या मुलावर ठपका ठेवायला कोणाकडे पुरावा नव्हता. ॲपने अपघात थांबवला नाही, फक्त दोष कोणाचा ते अपघाताच्या आधीच ठरवून ठेवलं.

तो वाचला तो न कापलेल्या सळईमुळे. हे मी त्या कामाच्या पहिल्या स्लॅबपासून मागत होतो. कटआउटमधून सळई सलग न्या, काँक्रीट बाजूने भरा, आणि प्लंबर पाइप घेऊन उभा राहील त्या दिवशी गॅस कटरने कापा. वरचा प्लाय कोणी नेला तरी खाली जाळी राहते. मला सांगण्यात आलं की कापायची मजुरी वाढते, प्लंबरचा वेळ जातो. ॲपच्या वर्षाच्या पैशात सगळ्या मजल्यांची कापणी निघाली असती, हे मी हिशोब करून दाखवलं होतं.

म्हणून हेल्मेट ओळखणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो नको. निदान सुरुवात त्याने नको. तो साइटवरच्या सगळ्यात खालच्या माणसाची चूक मोजतो. उंचीवर बांधायच्या सेफ्टी बेल्टचंच बघा. कॅमेऱ्याला बेल्ट दिसतो, पण हूक कुठे अडकवलाय ते दिसत नाही. लॅनयार्ड, म्हणजे बेल्टपासून हूकपर्यंतची दोरी, १.८ मीटरचा, पडल्यावर त्यातला झटका झेलणारा शॉक ॲब्सॉर्बर उघडून आणखी एक-सव्वा मीटर, त्यात माणसाची उंची आणि थोडी मोकळी जागा. हूक पायापाशी असेल तर खाली साडेपाच-सहा मीटर लागतात. आपल्या इमारतींचा मजला तीन मीटरचा. म्हणजे बेल्ट ताणला जायच्या आधी माणूस खालच्या स्लॅबवर आपटलेला असतो, आणि तुमच्या स्क्रीनवर टिकमार्क असतो. हूक डोक्याच्या वर अडकवायला जागा हवी आणि ती ड्रॉइंगमध्येच ठरते. कामगार ती कुठून आणणार? सप्टेंबर २०२३ मध्ये ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीची लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. त्यांची हेल्मेटं मोजून काय हाती लागलं असतं?

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर उलट दिशेने करा. माहिती खालून वर जाऊ दे आणि घड्याळ वरच्याचं चालू दे. कामगाराने भोक उघडं बघितलं, तर त्याने बटण दाबून आपल्या भाषेत बोलावं. मुंबईच्या साइटवर बांगला, हिंदी, भोजपुरी, तेलुगू सगळं चालतं, टाइप करायला कोणी बसत नाही. नाव विचारू नका, लॉगिन नको. तक्रार कोणी केली हे मुकादमाला कळलं तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाला गेट बंद होतं, आणि मग पुढचा कोणी तोंड उघडत नाही. त्या आवाजाबरोबर मजला आणि कटआउटचा नंबर जाऊ दे. त्या क्षणापासून टीव्हीवर दिसू दे की चौदा-तीन उघडं आहे, तीन तास वीस मिनिटं झाली, सध्या अमुक हुद्द्याच्या माणसाकडे आहे. ती नोंद कोणालाही पुसता येऊ नये आणि मागची वेळ टाकून बंद करता येऊ नये. जमलं तर ती ठेकेदाराच्या आरए बिलाला, म्हणजे काम होईल तसं निघणाऱ्या बिलाला, जोडा, म्हणजे तक्रार उघडी असेल तोवर त्या मजल्याचं बिल पुढे सरकणार नाही. बिल अडलं की भोक दुपारच्या आत बंद होतं, हे मी पाहिलंय.

बेसमेंटमध्ये नेटवर्क नसतं, म्हणून ऑफलाइन चाललं पाहिजे. सिमेंटच्या हाताने दाबता येईल एवढं बटण मोठं ठेवा. डेटा कामगाराच्या रिचार्जमधून जाऊ देऊ नका. बाकीचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणखी एक फीचर, जे मी अजून कुठल्या साइटवर पाहिलं नाही. तो मुलगा सात महिने आमच्याकडे होता, तीन वेगवेगळ्या मुकादमांच्या हाताखाली. रोज गेटवर अंगठा लावून आत यायचा. तरी बांधकाम कामगार मंडळाकडे त्याची नोंदणी नव्हती, कारण त्यासाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो द्यायला कोणी तयार नव्हतं. प्रत्येकजण म्हणायचा, माझ्याकडे ९० भरले नाहीत. तिघांचे मिळून दोनशेच्या आसपास भरत होते आणि ते सगळे आमच्याच मशीनमध्ये होते. बांधकामाच्या खर्चाचा एक टक्का सेस त्या मंडळाकडे जातो तो ह्याच लोकांसाठी. अंगठ्याच्या मशीनने सगळे मुकादम एकत्र मोजावेत आणि नव्वदाव्या दिवशी कामगाराच्या मोबाइलवर दाखला पाठवावा. एवढं एक केलंत तरी तुमचा प्रोजेक्ट झाला. ही सुरक्षा नाही असं तुमचे सर म्हणतील. हाड मोडून सहा महिने गावी पडून राहिलेल्या माणसाच्या घरी विचारा म्हणावं.

आता काही गोष्टी माझ्या बोलण्याच्या विरुद्ध जाणाऱ्या, त्याही सांगायला हव्यात. सगळंच डिजिटल निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. हॉइस्टचं, म्हणजे साइटवरच्या लिफ्टचं, दार उघडं असेल तर लिमिट स्विच त्याला हलू देत नाही. टॉवर क्रेनवर जास्त भार आला की ती उचलणं बंद करते. टाकीत उतरण्याआधी गॅस डिटेक्टर लावला म्हणून वाचलेले लोक माझ्या ओळखीचे आहेत. ही यंत्रं कोणाला फॉर्म भरायला लावत नाहीत, धोका दिसला की स्वतः थांबतात किंवा ओरडतात. मेट्रो ३ चा बोगदा जात होता तेव्हा गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारतींवर मोजणीची उपकरणं बसवली होती, तशा कामाचं गणित वेगळं आणि त्यातलं मला फार कळत नाही. मी राहत्या इमारतींच्या टॉवरचं बोलतोय. हेल्मेट तर घातलंच पाहिजे, वरून पडलेला, परांचीचे पाइप जोडायचा कपलरही जीव घेतो. आणि सगळे प्रोजेक्ट हेड तसे नसतात. आत्ता मी ज्यांच्याकडे आहे त्यांनी पहिल्या स्लॅबपासून सळई सलग ठेवलीय, मला भांडावं लागलं नाही.

कटआउटचे नंबर ॲपमध्ये घेणार असाल तर ते स्लॅबवर, भोकाच्या कडेला, ऑइल पेंटने लिहून घ्या. पावसात ओल्या काँक्रीटवर स्टिकर टिकत नाही, आणि पेंटसुद्धा जागा कोरडी करून दोन हात मारला तरच राहतो. फोटोमध्ये तो नंबर आणि झाकण दोन्ही एकत्र दिसले तरच मजला हिरवा होऊ द्या.