शेंगा चटणी आणि कडक भाकरीच्या प्रमोशन व्हिडिओत रंगीत लाइट कसे वापरावेत?

रंग पदार्थावर नको, त्याच्या मागे टाका. शेंगा चटणीचा सगळा जीव तिच्या लालसर रंगात आणि वर सुटलेल्या तेलात आहे. लाल पदार्थ निळा-हिरवा प्रकाश जवळपास शोषूनच घेतो, त्यामुळे तसला लाइट पडला की चटणी काळपट, जळल्यासारखी दिसते. एडिटिंगमध्ये हे सुधारत नाही.

मुख्य लाइट पांढराच हवा: ५६०० केल्विन (दिवसाच्या उजेडासारखा), सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९५च्या वर, सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारं कापडी आवरण) लावून ताटाच्या मागून तिरका. तेलाची चमक आणि भाकरीचा खरखरीतपणा त्यातच उठून येतो. समोरची सावली पांढऱ्या थर्माकोलने भरा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची सेटिंग) याच लाइटवर लॉक करा. ऑटोवर ठेवलात तर मागचा रंग बदलताच चटणीचाही बदलेल.

आरजीबी लाइट (हवा तो रंग देणारा एलईडी) फक्त पार्श्वभूमीवर, आणि ती ताटापासून तीन-चार फूट मागे. चटणीमागे गडद निळसर हिरवा उत्तम, लाल अजिबात नको. मागे सोलापुरी चादर लावणार असाल तर तिच्यावर पांढराच लाइट टाका, नाहीतर नक्षीचे रंग मरतात. स्टीलचं ताट आजूबाजूचा प्रत्येक रंग पकडतं. लाकडी पाट किंवा मातीचं भांडं घ्या.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्या तालावर लाइट लुकलुकून व्हिडिओत पट्टे येऊ शकतात, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. तरीही पट्टे दिसले तर बहुधा स्वस्त आरजीबी लाइट डिम केल्यामुळे. तो पूर्ण ब्राइटनेसवर नेऊन पार्श्वभूमीपासून लांब सरकवा.