शिवणघर : जुन्या धाटणीचा झगा

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतून आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्या दोन उत्तरांना जागा अधिक गेली आहे, कारण कापड वाया जाते ते बहुधा तिथेच.

प्रश्न : १९५० च्या सुमाराच्या अमेरिकी कागदी पॅटर्नची प्रत मला मिळाली. त्यावर १४ नंबर होता. माझी छाती ३६ इंच आणि कंबर २८ इंच असून हल्लीच्या पॅटर्नमध्ये मला १४ नंबर बसतो, म्हणून तसाच बेतला. परंतु झगा छातीत अडकला. पूर्ण गोल घेराला कापड किती लागते, हेही कळवावे.
(शहापूर, बेळगाव)

आपल्या हातून बेतताना चूक झालेली नाही; नंबराने दगा दिला आहे. १९५६ पूर्वीच्या अमेरिकी पॅटर्नमध्ये १४ नंबर ३२ इंच छातीसाठी असे, त्यानंतर तो ३४ इंचांसाठी झाला आणि १९६८ च्या सुमारास ३६ इंचांवर आला. नंबर जागेवरच राहिला, त्यातली बाई मात्र चार इंचांनी भरली. म्हणून जुन्या पाकिटावर नंबराऐवजी इंचांत छापलेले छातीचे माप वाचावे. चार इंचांचा फरक केवळ बाजूच्या शिवणीत वाढवून भरून काढू नये, कारण मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची गोलाई, सैल होऊन काखेत कापड गोळा होते. शक्यतो ३४ किंवा ३६ इंचांचाच पॅटर्न शोधावा आणि आधी मांजरपाटाचा कच्चा झगा, निदान कमरेपर्यंतचा भाग तरी, धावदोऱ्याने जोडून अंगावर घालून पाहावा.

या धाटणीत कमरेची शिवण नेमकी कमरेवरच बसली पाहिजे. १९४७ च्या फेब्रुवारीत ख्रिस्तियान दिओर यांनी पॅरिसमध्ये बारीक कंबर आणि मोठा घेर पुढे आणला, आणि पुढची दहाएक वर्षे झग्याचा सारा तोल त्या एका रेषेवर राहिला. कमीज शिवून सरावलेला हात ती रेषा नकळत इंचभर खाली धरतो. पोटाभोवती नाडी बांधून डावी-उजवीकडे दोन-तीनदा वाकावे. नाडी जिथे जाऊन बसेल ती आपली कंबर, आणि मानेच्या मणक्यापासून तिथवरचे अंतर ही पाठीची उंची.

आता घेर. २८ इंच कमरेला ६.२८ ने भागले की सुमारे साडेचार इंच येतात. ही आतल्या वर्तुळाची त्रिज्या. त्यातला अर्धा इंच शिवणीसाठी राखून प्रत्यक्ष कात्री चार इंचांवर चालवावी. घेराची उंची २६ इंच आणि खालची दुमड एक इंच धरली तर बाहेरची त्रिज्या साडेएकतीस इंच होते. दोन अर्धवर्तुळे सरळ कडेने कापडाच्या काठाला लावून एकापुढे एक मांडावीत. प्रत्येकी ६३ इंच, म्हणजे दोन्ही मिळून १२६ इंच, बरोबर साडेतीन वार किंवा ३.२ मीटर. सरळ कडेला शिवणीसाठी पाऊण इंच सोडूनही ४४ इंचांच्या पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, हे सहज बसते. वरच्या भागासाठी आणखी एक मीटर घ्यावे. कॉलर आणि पट्टा बाजूला उरलेल्या कापडात निघतात. जुन्या पाकिटावर कापडाचा हिशेब ३५ किंवा ३९ इंचांच्या पन्ह्यावर केलेला असतो, त्यामुळे तो आकडा गणपत गल्लीतल्या दुकानदारापुढे जसाच्या तसा ठेवू नये.

कमरेला जोडलेला घेर एक पूर्ण दिवस आणि रात्र हँगरवर टांगून ठेवावा, आणि मगच खालची कड दुमडावी. गोल घेरात काही भाग उभ्या धाग्यावर आणि काही भाग उरेब, म्हणजे धाग्याला तिरपा, येतो. उरेब भाग स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. माझा पहिला गोल झगा मी हळदीकुंकवाला घालायचा म्हणून त्याच संध्याकाळी दुमडून टाकला होता. दुसऱ्या दिवशी तो चार ठिकाणी दोन-दोन बोटे खाली आला, आणि त्याबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकीला मी ती फॅशन असल्याचे सांगत राहिले. टांगून झाल्यावर झगा अंगावर घालून दुसऱ्या कोणाकडून तरी जमिनीपासून पट्टीने खुणा करून घ्याव्यात, लोंबलेले कापड छाटावे आणि दुमड अर्ध्या इंचाचीच घ्यावी. गोल कडेला रुंद दुमड घेतली की तिच्या चुण्या पडतात.

प्रश्न : पाच वर्षांच्या नातीला दसऱ्यासाठी गुळेदगुड्डच्या खणाचा फुग्याच्या बाह्यांचा, पीटर पॅन (गोल टोकांच्या) कॉलरचा झगा शिवायचा आहे. खणाचा पन्हा अरुंद असतो आणि तो अंगाला टोचतो, अशी सुनेची तक्रार आहे.
(खानापूर)

आजी, सूनबाईंची तक्रार रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहे. खण चोळीसाठी विणला जातो, म्हणून त्याचा पन्हा बेताचा आणि दोन्ही कडांना काठ असतात. मुलीच्या झग्यात ही अडचण सोयीची ठरते. खण आडवा धरून मधोमध लांबीतून कापला, तर प्रत्येक तुकड्याच्या खालच्या कडेला आयता काठ मिळतो आणि दुमडही वाचते. पाच वर्षांच्या मुलीच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंतची उंची अर्ध्या पन्ह्यात निघते का, हे दुकानातच टेपने मोजून घ्यावे. खण आडवा केल्यावर त्यावरची बुट्टीही आडवी होते. ती तशी बरी दिसते का, ते कात्री लावण्यापूर्वी पाहावे. घेर कमरेच्या दुप्पट पुरे, कारण खण मलमलीसारखा पडत नाही, उभा राहतो. याच गुणामुळे फुग्याची बाही मात्र त्यात सुरेख बसते.

टोचण्यावर मलमलीचे पूर्ण अस्तर हाच उपाय. अस्तर आधी पाण्यातून काढून, अर्धवट ओले असतानाच इस्त्री करून घ्यावे. खानापूरच्या पावसात ते दोरीवर वाळण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. खणाचे धागे चटकन सुटतात, म्हणून अर्ध्या इंचापेक्षा कमी शिवण सोडू नये आणि गळ्याची शिवण खण व अस्तर यांच्यामध्ये बंद करावी.

आता कॉलरकडे वळू, कारण घरी शिवलेला झगा पाहणाऱ्याच्या लक्षात येतो तो कॉलरवरूनच. पुढच्या आणि मागच्या भागाचे कागद खांद्याशी जुळवताना गळ्याकडचे टोक बरोबर जुळवावे, पण मुंढ्याकडचे टोक एकमेकांवर अर्धा इंच चढवावे, आणि मग त्यावरून गळ्याचा आकार काढून कॉलर आखावी. असे केल्याने कॉलर गळ्याशी किंचित उठून मग खाली वळते. कागद नुसते जुळवून आखलेली कॉलर अंगावर चिकटवल्यासारखी सपाट पडते आणि जोडाची टीप वर डोकावते. कॉलरचा खालचा थर बाहेरच्या कडेने सूतभर लहान कापावा. शिवताना तो ताणून वरच्या थराशी जुळवला की उलटवल्यावर शिवण आपोआप खालच्या बाजूला जाते. गोलाईत दर अर्ध्या इंचाला टिपेच्या अगदी जवळपर्यंत छोटे काप द्यावेत. तीनच काप देऊन काम उरकले तर कॉलरला कोपरे येतात.

खणाची कॉलर काहीशी जाड होते, म्हणून मी स्वतः पांढऱ्या कॅम्ब्रिकची लावते आणि ती हाताने टाचते. धुण्यापूर्वी उसवून काढता येते.

प्रश्न : आईचे इरकल लुगडे पेटीत पडून आहे. त्याचा माझ्यासाठी जुन्या पद्धतीचा झगा होईल का?
(निपाणी)

लुगडे नेसण्याजोगे असेल तर त्याला कात्री लावू नये, असे माझे मत आहे. ते विरले असल्यास खिडकीतल्या उजेडासमोर धरून विरलेली जागा खडूने आखावी. बसण्याची बाजू आणि वर्षानुवर्षांच्या घड्या आधी जातात. इरकलचा पदर आणि अंग यांचे उभे धागे मागावरच एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. त्या जोडावर कमरेची किंवा मुंढ्याची शिवण घेऊ नये, तिथे ताण सोसत नाही. लाल पदर आणि फिकट अस्तर एकत्र शिवण्यापूर्वी ओले पांढरे फडके पदरावर घासून पाहावे. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने आधीच रंगवलेल्या सुताचा सुटणारा रंग पक्का होत नाही. फडक्याला रंग लागला तर अस्तर गडदच घ्यावे.

प्रश्न : मुलीचे झगे वर्षभरात आखूड होतात. जुन्या झग्यांत वाढ कशी ठेवत असत?
(चिकोडी)

खालची दुमड तीन-चार इंचांची ठेवून, आणि तिच्यावर आडव्या टक्सच्या, म्हणजे शिवून बसवलेल्या घड्यांच्या, ओळी घालून. अर्ध्या इंचाचा एक टक एक इंच कापड खातो, म्हणजे तीन टक्समध्ये तीन इंच उंची जपून राहते. दरवर्षी एक उसवावा. मात्र अशी वाढ चुण्यांच्या सरळ घेरातच ठेवता येते, गोल घेरात नाही. टक्सची टीप लांब टाक्याची आणि सुती दोऱ्याची असावी, म्हणजे उसवताना कापड फाटत नाही. उसवल्यावर जुन्या घडीची रेघ दिसतेच. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवूनही ती गेली नाही, तर तिच्यावर बारीक लेस किंवा उरेब गोट लावावा. कापड नवे असतानाच त्यातली दोन बोटे रुंदीची उरेब पट्टी कापून पेटीत ठेवावी आणि झग्याबरोबर तीही धुवत जावी. नाहीतर तीन वर्षांनी गोट नवा आणि झगा विटलेला दिसतो.