पणजोबांचे पेस्टलचित्र, त्याची किंमत आणि हक्कसोडपत्रावरची सही

प्रश्न : आमच्या साताऱ्याच्या घरात पणजोबांचे पेस्टलने, म्हणजे रंगखडूंनी काढलेले चित्र होते. ते एका संस्थानात कारभारी होते. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात इंग्रजीत सही आणि १८९८ हे साल आहे. आई आधीच गेली, वडील तीन वर्षांपूर्वी गेले. मृत्युपत्र नाही. आम्ही दोन भाऊ आणि मी. काच तडकली म्हणून धाकट्या भावाने चित्र मुंबईला नेले, ते परत आलेच नाही. आता तो म्हणतो, एका विक्रेत्याने ६०,००० रुपये किंमत केली आहे आणि तोच घ्यायला तयार आहे. तू २०,००० घे आणि हक्कसोडपत्रावर सही कर. थोरल्या भावाचा मुलगा लंडनला असतो. तो म्हणतो, अशी चित्रे इकडे कोट्यवधींना जातात, एका पेस्टलला तर १२ कोटी डॉलर मिळाले. पुढच्या खेपेला सामानातून घेऊन जातो. खरी किंमत कोणती? सही करू का?

उत्तर : ताई, सही आत्ता करू नका आणि चित्र देशाबाहेर जाऊ देऊ नका. बाकी सगळे सावकाश करता येईल, या दोन गोष्टी मात्र एकदा हातून गेल्या की मागे आणणे फार अवघड असते.

सहीचे आधी सांगतो. ‘नंतर कळले की चित्र लाखांचे होते, मग करार रद्द करून घेऊ’ असे बऱ्याच जणांना वाटते. भारतीय करार कायद्याच्या कलम २० खालचे स्पष्टीकरण नेमके याच्या आड येते. वस्तूच्या किमतीबद्दल चुकीचे मत असणे ही कायद्याच्या दृष्टीने वस्तुस्थितीबद्दलची चूक धरली जात नाही. कलम २५ च्या स्पष्टीकरणानुसार मोबदला अपुरा आहे एवढ्यावरून करार रद्द होत नाही. तुमची संमती मोकळेपणाने दिलेली होती का, हे ठरवताना कोर्ट तो अपुरेपणा फक्त लक्षात घेऊ शकते. भावाने जाणूनबुजून खोटे सांगितले हे सिद्ध झाले तर वाट आहे, पण सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते. शिवाय हक्कसोडपत्राचा मसुदा नीट वाचा. त्यात ‘वडिलांच्या सर्व स्थावर-जंगम मालमत्तेवरील’ असे शब्द असतील, तर २०,००० रुपयांत तुम्ही चित्राबरोबर घर आणि शेतही सोडून द्याल. असे मसुदे मी पाहिले आहेत, आणि सही करणारी बहुतेक वेळा बहीणच असते.

हिश्श्याबद्दल मनात शंका ठेवू नका. चित्र वडिलांचे स्वतःचे धरले तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे तुम्ही तिघे सारखे वारस. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाचे धरले तरी २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी मुलाइतकीच सहदायाद, म्हणजे कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मापासून हक्क असलेली, आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते पक्के केले. दोन्ही वाटांनी तुमचा एक तृतीयांश येतो.

आता तातडीची गोष्ट. चित्र भावाने नेले तेव्हा तुम्ही अडवले नव्हते. काच बदलायची म्हणून नेऊ दिले. माल विक्री कायद्याच्या कलम २८ प्रमाणे, अनेक मालकांपैकी एकाच्या ताब्यात बाकीच्यांच्या परवानगीने वस्तू असेल आणि त्याने ती विकली, तर विकण्याचा अधिकार त्याला नाही हे ठाऊक नसलेल्या प्रामाणिक खरेदीदाराला पक्की मालकी मिळते. म्हणजे उद्या त्या विक्रेत्याने पैसे मोजून चित्र घेतले, तर तुम्हाला भावाकडून पैसे मागता येतील, चित्र मात्र गेले. म्हणून याच आठवड्यात भावाला लेखी नोटीस द्या : चित्र तिघांच्या मालकीचे आहे, ते फक्त दुरुस्तीसाठी दिले होते, विकायला माझी संमती नाही. त्याची प्रत त्या विक्रेत्यालाही स्पीड पोस्टाने, पोच घेऊन पाठवा. एकदा ती त्याच्या हाती पडली की ‘मला माहीत नव्हते’ असे त्याला म्हणता येणार नाही. एवढ्यावर भाऊ ऐकला नाही, तर वाटपाचा दावा आणि त्यासोबत मनाई हुकुमाचा अर्ज हा पुढचा टप्पा. दावा न करता नोटिशीवर भागले तर मला जास्त आनंद होईल. रक्ताची नाती एका चित्रावरून कोर्टात येतात तेव्हा वकिलालाही त्रास होतो.

भाच्याच्या सल्ल्याबद्दल मला स्पष्टच बोलले पाहिजे, कारण त्यात तुरुंगाचा धोका आहे. पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा, १९७२ प्रमाणे १०० वर्षांहून जुने चित्र ही ‘पुरावस्तू’ असते. चित्रकार भारतीय असावा किंवा चित्र भारतात काढलेले असावे अशी अट त्या व्याख्येत नाही. कोपऱ्यातले १८९८ हे साल खरे असेल, तर तुमच्या पणजोबांचे चित्र पुरावस्तूच आहे. कलम ३ प्रमाणे पुरावस्तू बाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था यांनाच आहे, आणि कलम २५ प्रमाणे उल्लंघनाला कमीत कमी सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘घरातल्या आजोबांचा फोटो आहे’ म्हणून बॅगेत घालणाऱ्यालाही तेच कलम लागते.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तरही इथेच दडले आहे. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या लिलावातली किंमत तुमच्या चित्राला लावताच येत नाही, कारण ते चित्र त्या बाजारात कायद्याने जाऊच शकत नाही. त्याचा बाजार भारतापुरता आहे. भाच्याने दाखवलेली किंमत खरी असली तरी ती तुमच्या चित्राच्या किमतीचा पुरावा होत नाही, आणि कोर्टही ती तशी मानणार नाही.

तरीही १२ कोटी डॉलरचे ते चित्र समजून घ्या, कारण पेस्टलला किंमत कशी येते हे त्यातून कळते. ते नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक यांचे ‘द स्क्रीम’, १८९५ चे पेस्टल. २ मे २०१२ रोजी न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात ते विकले गेले. बोली १०.७ कोटी डॉलरवर थांबली. त्यावर लिलावगृहाचा खरेदीदाराकडून घ्यायचा आकार चढून रक्कम सुमारे ११.९९ कोटी झाली. वर्तमानपत्रे छापतात ती ही दुसरी रक्कम. विकणाऱ्याचा हिशेब पहिल्या रकमेपासून सुरू होतो, आणि त्यातूनही कमिशन, विमा, छायाचित्रे यांचा खर्च वजा होऊ शकतो. कोणी तुम्हाला लिलावाची किंमत सांगेल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा : ही आकारासह की आकाराशिवाय? मुंक यांनी ते चित्र रंगांत चार वेळा केले. खासगी मालकीत उरलेले ते एकमेव होते, बाकीची ओस्लोच्या संग्रहालयांत आहेत. विकणाऱ्याचे वडील मुंक यांचे शेजारी आणि आश्रयदाते होते, त्यामुळे चित्र कुठून आले हे कागदांवर दाखवता येत होते. नाव, दुर्मीळपणा आणि कागद, हे तिन्ही एकत्र आले. फ्रेंच चित्रकार देगा यांच्या नर्तकीच्या पेस्टलला २००८ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ३.७ कोटी डॉलर मिळाले, तेही याच तिन्हींच्या जोरावर. माध्यम पेस्टल आहे म्हणून कुणी एक रुपया जास्त देत नाही.

कायद्याची किंमत आणि लिलावाची किंमत या वेगळ्या गोष्टी असतात, याचे मला आवडणारे उदाहरणही पेस्टलचेच आहे. स्विस चित्रकार लिओतार यांचे १७५४ चे ‘लाव्हेर्न कुटुंबाची न्याहारी’ हे चित्र २०१९ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत आले ते लिलाव न होता. ब्रिटिश कायद्यात वारसाकराच्या बदल्यात कलाकृती सरकारला देता येते, आणि त्या चित्राने ८७ लाख पौंडांचा कर फिटला. म्हणजे बोली न लागताही चित्राची किंमत ठरते. कोणत्या कामासाठी ठरवायची हे आधी पक्के हवे.

तुमच्या बाबतीत ती निदान तीन कामांसाठी लागेल. वाटपासाठी आजचा भारतातला खुला बाजारभाव. विम्यासाठी तसेच दुसरे मिळवायला पडेल ती रक्कम, जी सहसा जास्त असते. आणि विकलेच तर भांडवली नफ्याच्या करासाठी १ एप्रिल २००१ चा बाजारभाव, कारण चित्र त्याआधीपासून घरात आहे आणि मूळ किंमत म्हणून तो धरता येतो. पलंग-कपाटांना घरगुती वापराच्या वस्तू म्हणून मिळणारी करमाफी चित्रांना नाही. नफ्यावर साडेबारा टक्के दराने कर पडतो. वारसाने चित्र मिळाले त्यावर मात्र कर नाही. एकच चित्र, तीन आकडे, आणि तिन्ही खरे.

६०,००० हा आकडा खोटाच आहे असे मी म्हणणार नाही. चित्रकाराचे नाव फारसे ठाऊक नसेल आणि कागदाला बुरशी लागली असेल, तर इतकेच मिळूही शकेल. पण तो आकडा सांगणारा माणूसच घेणारा आहे. स्वस्तात घेण्यात ज्याचा फायदा, त्याचे मूल्यांकन मी कोर्टात टिकू देणार नाही. आयकर खात्याच्या नोंदणीकृत मूल्यनिर्धारकांत कलाकृतींचे जाणकार असतात. तिघांनी मिळून एकाची नेमणूक करा, फी तिघांत वाटा, आणि अहवालात तुलना कोणत्या विक्रींशी केली, त्या भारतातल्या होत्या का, पेस्टलच्या होत्या का, हे लिहून मागा. गेल्या काही वर्षांत राजा रविवर्मा आणि अमृता शेरगिल यांची तैलचित्रे भारतात कित्येक कोटींना गेली. ते भाव कोणी तुमच्या चित्राशेजारी मांडले तर तो अहवाल परत करा. दावा झालाच तर याच तज्ज्ञाचे मत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ खाली पुराव्यात येईल. त्या विक्रेत्याकडे पुरावस्तूंच्या व्यापाराचा परवाना आहे का, हेही विचारा. कायद्याने तो लागतो.

मूल्यांकनाआधी एक शंका फेडून घ्या. त्या काळी छायाचित्र मोठे करून त्यावर रंगखडू फिरवायची पद्धत सर्रास होती, आणि दुरून ते अस्सल पेस्टलच वाटते. भिंगाखाली खडूचे फटकारे आणि त्याखालची छायाचित्राची गुळगुळीत छटा वेगळी ओळखता येते. तसे निघाले तर किंमत बरीच उतरेल, आणि ते आत्ताच कळलेले बरे. घरात शोधाशोधही करा : चित्रकाराला दिलेल्या पैशांची वहीतली नोंद, एखादे पत्र, जुन्या समारंभाच्या फोटोत मागे दिसणारे हेच चित्र. मालकीचा इतिहास दाखवणारा एक पिवळा कागद अहवालातल्या दहा पानांपेक्षा जास्त काम करतो.

सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे जुन्या चित्रांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते. वडिलांनी ती केली होती का पाहा. प्रमाणपत्र फाइलीत असेल. नसेल तर नोंदणी अधिकाऱ्याकडे तिघांच्या नावाने अर्ज करा. नोंदणी न करणे हाही गुन्हा आहे, शिवाय तिघांच्या नावाची सरकारी नोंद हा तुमच्या हिश्श्याचा चांगला पुरावा होईल. नोंदणी झालेले चित्र देशात विकायला बंदी नाही, मालकी बदलली की कळवायचे एवढेच. चित्रकाराला वारस निघाले तर? कॉपीराइट कायद्यातला पुनर्विक्रीचा हिस्सा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. १८९८ मध्ये हाताशी आलेल्या चित्रकाराबाबत ती मुदत बहुधा उलटून गेलेली असेल, पण नाव कळल्यावर मृत्यूचे साल पाहून घ्या.

आणि चित्र भिंतीवरच राहावे असे तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल, तर तेही सांगून टाका. एक चित्र तीन तुकड्यांत वाटता येत नाही, पण एकाने ठेवून घेऊन बाकी दोघांना अहवालातल्या भावाने पैसे द्यायचे, अशी तडजोड कोर्टही मान्य करते. मला तर तुमच्या पत्रातून किमतीपेक्षा पणजोबाच जास्त दिसले.

नोटिशीत शेवटी एक मागणी आवर्जून घाला : चित्राची आजची स्थिती दाखवणारी पुढून-मागून छायाचित्रे भावाने आठ दिवसांत द्यावीत. पेस्टल म्हणजे कागदावर जेमतेम चिकटलेली रंगाची भुकटी. काच चित्राला टेकली तर भुकटी काचेवर येते, काचेऐवजी प्लास्टिकचा पत्रा बसवला तर त्याची स्थिर वीज ती ओढून घेते, आणि मुंबईच्या पावसाळी ओलीत चार महिने पडून राहिले तर बुरशी धरते. तडकलेल्या काचेजागी काचच बसवायला सांगा, मध्ये माउंटचे, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीचे, अंतर ठेवून. वर कुठलाही स्प्रे मारू देऊ नका. आणि परत आणताना चित्राचे तोंड वरच्या बाजूला ठेवून, आडवे आणायला सांगा.