माहेरी आलेली मुलगी आणि अमेरिकेतलं वॉरंट

"ताई, पोटच्या पोराला घेऊन मुलगी माहेरी आली, तर ते अपहरण कसं काय?"

हा प्रश्न आता मला वर्षातून तीन-चारदा तरी ऐकायला मिळतो. विचारणारी बहुधा मुलीची आई असते. नाशिकच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत त्या दिवशी तो काकूंनी विचारला. शेजारी त्यांची मुलगी मृणाल बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मृणाल नऊ वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला. मुलगा ईशान सात वर्षांचा, तिथेच जन्मलेला. जूनमध्ये सुट्टीला म्हणून दोघं आली, नवऱ्यानं स्वतः विमानतळावर सोडलं. परतीचं तिकीट ऑगस्टचं होतं. ती तारीख उलटून गेली. सप्टेंबरात दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. न्यू जर्सीच्या कोर्टाचा मुलाला परत आणण्याचा आदेश आला, आणि एका फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या, तपास अधिकाऱ्याचा ईमेल आला. मृणालनं रात्री फोनवर "किडनॅपिंग, फेडरल, शिक्षा" असं शोधलं आणि "जन्मठेप" वाचलं. त्यानंतर तीन रात्री तिचा डोळा लागला नव्हता.

काकूच बोलत होत्या. मी त्यांना थोडा वेळ बाहेर बसायची विनंती केली. ती त्यांना आवडली नाही, पण दार लागल्यावर मृणाल रडली आणि मग बोलली. दोनदा हात उगारला होता, एकदा फ्रिजवर ढकललं होतं. खांदा दुखावला म्हणून ती डॉक्टरकडे गेली होती. एकदा शेजारणीनं पोलीस बोलावले, तेव्हा दारात उभं राहून हिनंच सांगितलं होतं, "काही झालेलं नाही." तिचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर होता. ईशानसमोर आवाज चढला की ती त्याला बाथरूममध्ये नेऊन नळ सोडून ठेवायची.

मी वकील नाही. पण कायद्याची ढोबळ ओळख नसेल तर या भीतीशी काम करताच येत नाही, म्हणून ती मी वकिलांकडून करून घेतली आहे. पहिल्या दिवशी मृणालला एवढंच सांगितलं, की तू वाचलेली जन्मठेप १९३२ च्या कायद्यातली आहे. प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या बाळाच्या अपहरणानंतर तो झाला, आणि स्वतःच्या अल्पवयीन मुलाला नेणारे आईवडील त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी १९९३ चा वेगळा कायदा आहे. सोळा वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्या पालकाच्या हक्कात अडथळा आणायच्या हेतूनं अमेरिकेबाहेर नेलं, न्यायचा प्रयत्न केला किंवा बाहेर अडवून ठेवलं तर जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि दंड. तीन वर्षंही थोडी नाहीत, पण त्या रात्री ती झोपली.

"अडवून ठेवलं" हे शब्द आपल्या घरांत कुणाच्या ध्यानात येत नाहीत. नवऱ्याच्या संमतीनं आलेली मुलगी ठरल्या तारखेनंतर थांबली, तरी गुन्हा होऊ शकतो. "तेव्हा कोर्टाचा आदेश कुठे होता?" हेही उत्तर होत नाही, कारण आदेश नसतानाही बापाचा हक्क कायद्यानंच असतो.

माहेर या शब्दाला आपल्याकडे परवानगी लागत नाही. म्हणूनच हा कायदा आपल्याला अन्याय वाटतो, आणि घरातली मायेची माणसंच नकळत मुलीविरुद्ध पुरावा तयार करतात. मृणालच्या वडिलांनी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं होतं, "नातू आता कायमचा आमच्याकडे. परत पाठवणार नाही." ते तिच्या नणंदेपर्यंत पोचलं. मृणालनं स्वतः रागाच्या भरात नवऱ्याला लिहिलं होतं, "तुला ईशान दिसणार नाही." जुलैतच शाळेत प्रवेशाचा अर्ज भरला होता. हा सगळा गुन्हा "हेतू"वर उभा असतो, आणि हेतू असल्या ओळींतूनच वाचला जातो.

वडील म्हणाले, "मग पुसून टाकू सगळं." मी त्यांना कळकळीनं थांबवलं. पुरावा नष्ट करणं हा निराळा गुन्हा होतो. अधिकाऱ्याच्या ईमेलला स्वतः उत्तर देऊ नकोस, हेही सांगितलं. गप्प राहण्याचा हक्क अमेरिकेची राज्यघटना देते, पण तपास अधिकाऱ्याला खोटं सांगितलं तर त्याबद्दल पाच वर्षांपर्यंतची वेगळी शिक्षा आहे. घाबरलेला माणूस खोटं बोलायलाच जातो. उत्तर वकिलामार्फत गेलं.

तिला दोन वकील करावे लागले, एक फेडरल फौजदारी बचावाचा अनुभव असलेले आणि एक कौटुंबिक कोर्टातल्या. फौजदारी वकिलांनी व्हिडिओवर बचाव समजावले. कायद्यात तीन लिहिलेले आहेत. एक, आपल्या बाजूनं वैध कोर्ट आदेश असणं. दोन, कौटुंबिक हिंसाचारापासून पळ काढणं. तीन, कोर्टाच्या आदेशानं मूल आपल्याकडे असताना आपल्या हाताबाहेरच्या कारणानं परत नेता न येणं. त्यातही चोवीस तासांत दुसऱ्या पालकाला कळवण्याचा प्रयत्न केलेला हवा. मृणालला दुसरा लागू होता. पण हा बचाव आरोपीनंच सिद्ध करायचा असतो, आणि वकील प्रामाणिकपणे म्हणाले, "सरकारी वकील विचारतील, पळून आलात तर नवऱ्यानं विमानतळावर सोडलं कसं?"

ती गोठूनच गेली. मला वाटतं, तिला तिचा अनुभवच खोटा ठरल्यासारखं झालं. पुढची चार सत्रं आम्ही त्या एका वाक्यावर काम केलं. मार खाणारी बाई दार उघडं सापडेल त्या दिवशी निघते. कधी ते दार सुट्टीचं तिकीट असतं. हे मला ठाऊक आहे, पण कोर्टाला कागद लागतो. वकिलांच्या सांगण्यावरून, फक्त त्यांच्यासाठी, तिनं तारीखवार हकिगत लिहिली. डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली. पोलीस येऊन गेल्याची नोंद होती. मैत्रिणीला पाठवलेला खांद्याचा फोटो होता. प्रत्येक कागदानं तिचा आवाज थोडा मोकळा होत गेला.

काकूंचा आग्रह वेगळा होता: "इथल्या कोर्टात ताबा घेऊ, मग तिकडचं कोण काय करतंय?" हा सल्ला फार दिला जातो, म्हणून थोडं सविस्तर. आंतरराष्ट्रीय बाल-अपहरणाबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही, त्यामुळे मूल आपोआप परत पाठवलं जात नाही. २०१७ च्या नित्या आनंद राघवन निकालात सर्वोच्च न्यायालयानं मुलाचं हित सर्वांत वर ठेवलं आणि परदेशी आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा मानला. पण त्याच न्यायालयानं २०१९ मध्ये लहरी सखमुरी प्रकरणात मुलांना अमेरिकेत परत न्यायला सांगितलं. म्हणजे भरवसा कशाचाच नाही. आणि इथे ताबा मिळाला, तरी तिकडचं वॉरंट तसंच राहतं. मृणालच्या नावानं ते एव्हाना निघालं होतं. भारत आणि अमेरिका यांच्यात आरोपीला एकमेकांच्या ताब्यात देण्याचा १९९७ चा प्रत्यार्पण करारही आहे.

कामाची खरी गाठ सुटली ती एका साध्या प्रश्नानं. मी विचारलं, "तुला अमेरिकेत जायचं नाही, की त्या घरात जायचं नाही?" ती बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली. "त्या घरात," ती म्हणाली. तोवर तिच्या मनात दोन्ही एकच होतं, आणि घरच्यांच्याही.

ईशानबद्दल तिला वाटत होतं की तो बापाला विसरतोय, कारण तो नाव काढत नव्हता. मी त्याच्याबरोबर चित्रं काढत बसले तेव्हा त्याच्या टॅबवरचं घड्याळ एडिसनच्याच वेळेवर दिसलं. "बाबा आता ऑफिसला निघाला असेल," तो हळूच म्हणाला. मृणालला हे सांगणं मला जड गेलं. वकिलांशी ठरवून आठवड्यातून तीन व्हिडिओ कॉल सुरू झाले. बापाचा संपर्क तोडायचा नाही, हे त्यातून दिसलं, आणि मुलाचं तुटत चाललेलं काहीतरी जोडलं गेलं. यातलं दुसरं मला जास्त मोलाचं वाटलं.

वाटाघाटी चार महिने चालल्या. परत जाण्याआधी कौटुंबिक कोर्टाकडून ठरवून घेतलं: राहायला वेगळं घर, नवऱ्यानं तिच्याजवळ यायचं नाही, मुलाच्या भेटी तिसऱ्याच्या देखरेखीत. तिच्या प्रवेशाचा आणि व्हिसाचा प्रश्न आधी सोडवला. नेवार्कला उतरल्यावर ती वकिलांबरोबर स्वतः हजर झाली. न्यायाधीशांनी पासपोर्ट जमा करून घेतला आणि जामिनावर सोडलं. खटला पुढे सरकारी वकिलांनी मागे घेतला. सगळ्यांचं असं होत नाही, हे मी नव्यानं आलेल्या प्रत्येक कुटुंबाला सांगते.

अजून विमानात न बसलेल्या मुलींना मी कळवळून सांगते: आधी तिथल्या तिथे दाद मागा. न्यू जर्सीत तात्पुरता संरक्षण आदेश तातडीनं मिळू शकतो, अंतिम सुनावणी साधारण दहा दिवसांत लागते, आणि त्यातच मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. मुलाला घेऊन भारतात राहायला यायचं असेल, तर तशी परवानगी कोर्टाकडे मागता येते. ती नाकारली जाऊ शकते, वेळही लागतो, आणि त्या काळात एकटीनं राहणं अवघड असतं. पोलीस दारात आले तर "काही झालेलं नाही" म्हणू नका. आणि इकडच्या आईवडिलांनो, "ये निघून, बघू पुढचं पुढे" म्हणण्याआधी एक दिवस थांबा, तिकडच्या वकिलाची फी आपण भरू असं म्हणा. तिला त्या दिवशी त्याचीच गरज असते.

मृणाल आता एडिसनमध्येच दोन खोल्यांच्या घरात राहते. काकू मागच्या महिन्यात व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईला, बीकेसीला जाऊन आल्या. परवा फोनवर विचारत होत्या, सहा महिने राहायचं तर ईशानसाठी मेतकूट किती न्यावं.