एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालवायची जाड टायरची चारचाकी बाइक) राइडआधी ‘अपघातास आम्ही जबाबदार नाही’ या फॉर्मवर सही केली होती. गाडी उलटून हात मोडला. भरपाई मिळेल का?
मिळू शकते, तेवढ्या सहीने राइडवाल्याचा निष्काळजीपणा माफ होत नाही. पैसे घेऊन दिलेली राइड ही सेवा आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतला निष्काळजीपणा ‘त्रुटी’ धरला जातो. ब्रेक खराब होते, हेल्मेट दिलं नाही, एकट्याच्या गाडीवर दोघांना बसवलं (हे तर सर्रास चालतं), असं काही दाखवता आलं तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. मुदत २ वर्षं. पावती, गाडीचे फोटो, दवाखान्याचे कागद मात्र आजच गोळा करा, गाडी लगेच दुरुस्त होऊन पुन्हा धंद्याला लागते. हेल्मेट देऊनही तुम्ही घातलं नसेल किंवा आखलेला ट्रॅक सोडला असेल, तर रक्कम त्या प्रमाणात कमी होऊ शकते.